खंजेरीच्या दोन आया

मित्रांनो, तुम्हाला आई एकच असते. मला दोन होत्या. एक शिवणीचं झाड आणि दुसरी घोरपड. पहिलीच्या लाकडाचं माझं कडं झालं, दुसरीच्या कातड्याचं तोंड. दोघींपैकी एकीलाही मी पाहिलं नाही, कारण माझा जन्म व्हायचा म्हणून दोघींनाही आधीच जावं लागलं. मी एक जुनी खंजेरी आहे, आणि हे काही मी रडगाणं म्हणून सांगत नाही. वाद्यांच्या कुळात अशीच रीत असते.

मला घडवलं मूल गावच्या जलालुद्दीनचाचांनी. तेव्हा ते कोणाचेच चाचा नव्हते, नुकतं मिसरूड फुटलेलं होतं. भाताच्या गिरणीमागं त्यांचं दुकान. तिथं दिवसभर कोंडा उडायचा आणि चाचा पांढऱ्या भुवयांनी ढोलक्या, तबले मढवत बसायचे. त्यांनी शिवणीचं लाकूड कोरलं, खाचा पाडून पितळी चकत्या बसवल्या, चिंचोक्याची खळ लावून घोरपडीचं कातडं ताणलं आणि मला सावलीत वाळवलं. त्या काळी असं कातडं सहज मिळे, कोणी विचारत नसे. वाळल्यावर चाचांनी माझ्यावर एक थाप मारली, कान जवळ आणला आणि स्वतःशीच म्हणाले, "बकरीचं चामडं भुंकते, घोरपडीचं बोलते. ही बोलनार."

मी बोलले. मला नेलं गुणवंतरावांनी. ते मूलजवळच्या एका खेड्यातले धानाचे शेतकरी आणि तिथल्या भजन मंडळाचे म्होरके. धानाची रोवणी आटोपली की त्यांचे चिखलात भिजलेले हात माझ्यावर यायचे. शेजारच्या गावांची मंडळं मला ऐकायला येत आणि परत जाताना आपल्या खंजेऱ्यांकडं रागानं बघत. मला थोडा गर्व होता, तो लपवून काय उपयोग? पावसाळ्यात हवा ओली झाली की माझं तोंड ढिलं पडे. मग गुणवंतराव मला निखाऱ्यांपासून हातभर लांब धरून शेकत. हातभर लांब, एवढं लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

गुणवंतराव गेले आणि मंडळही पांगलं. त्यांची सून कमळा हिनं मला धान्याच्या कोठीमागं खिळ्याला अडकवलं आणि माझ्या कड्यात हळकुंडांची पिशवी टांगली. कमळा वाईट बाई नव्हती. तिला एक खिळा कमी पडत होता, एवढंच. किती वर्षं मी तशी होते ते मला सांगता येणार नाही. उंदरांनी मात्र माझं तोंड कुरतडलं नाही. घोरपडीचा वास त्यांना अजून येत असावा.

मला खाली उतरवलं कमळाच्या मुलीनं, नीलिमानं. लहानपणी ती आजोबांच्या खांद्यावर बसून वडशाची नाटकं बघायला जायची. तुम्हाला ठाऊक असेल, हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत, या धानाच्या मुलखात, नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि त्यांचा सगळा कारभार वडसा या गावातून चालतो. त्या मंडपातली ती हजारो तोंडं नीलिमाच्या मनातून गेली नव्हती. पुढं ती शिकली, मास्तरीण झाली, आणि पहिली नेमणूक झाली ती थेट भामरागडकडच्या रानातल्या शाळेत.

कमळा म्हणाली, "तिथी पावसात रस्ता बंद होते म्हनतात. आन तू हे फुटकं डबडं काऊन नेऊन राह्यली?"

"फुटकं नाई ना आई. मुकं झालं फक्त," नीलिमा म्हणाली आणि मला पिशवीत टाकलं.

त्या शाळेत पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. पोरं घरी माडिया बोलणारी, बाई मूलकडची मराठी बोलणारी. बाईंनी 'पाणी' म्हटलं की पोरं एकमेकांकडं बघायची आणि पोरांनी 'येर' म्हटलं की बाई पुस्तकात बघायच्या. शेवटी तिनं मला बाहेर काढलं आणि थाप मारली. पोरांचे पाय आपोआप हलले. पाणी, येर, पाणी, येर असं करत त्या दिवशी एक गाणं झालं. नीलिमाचं ते पहिलं गाणं. त्यानंतर तिला गाण्यांची सवयच लागली. ती आधी शब्द लिहीत नसे. माझ्यावर बोटं नाचवत वर्गाच्या ओट्यावर येरझाऱ्या घालायची आणि शब्द मागून यायचे. पाढ्यांचं गाणं झालं, मोहफुलांचं झालं, उशिरा येणाऱ्या एसटीचं झालं.

गाणी जगात कशी जायची तेही ऐका. शाळेत मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून नीलिमा गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवर भरायची, आतलं बोटाच्या नखाएवढं कार्ड काढून काडेपेटीत घालायची आणि ती काडेपेटी एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. मूलला चाचांचा नातू रईस मोबाइल दुरुस्त करतो. तो ते गाणं इंटरनेटवर टाकायचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की एसटी बंद आणि गाणीही अडकायची. पाणी ओसरलं की चार-पाच काडेपेट्या एकदम निघायच्या. ना कंपनी, ना मालक. शाळा सुटल्यावर गायचं आणि सकाळी परत हजेरी घ्यायची.

गाणी हळूहळू पसरली. लोकांनी लिहिलेलं रईस त्याच कार्डात भरून परतीच्या एसटीनं पाठवायचा, उत्तरंही तशीच जायची. कोणी म्हणे, बाई तुमच्यामुळं आमची पोरगी पाढे शिकली. नागपूरच्या एका गृहस्थानं कळवलं, आवाज उत्तम आहे, भाषा तेवढी शुद्ध करा, मग आपण मोठं काहीतरी करू. नीलिमानं उत्तर पाठवलं, "भाषा माही हाय तशीच राहू द्या. आवाज नाई आवडला तं तो शुद्ध करतो." आणि एकानं लिहिलं होतं, "ताई, खंजेरी घोरपडीच्या कातड्याची दिसते. आता त्याला बंदी आहे." हे तिनं दोनदा वाचलं. मग लिहिलं, "आजोबांची आहे," आणि मोबाइल पालथा ठेवला. विषय संपला असं तिला वाटलं. मला तसं वाटलं नव्हतं, पण मला कोण विचारतो?

गंमत म्हणजे तिचं सगळ्यात लाडकं गाणं घोरपडीचंच होतं. शाळेमागच्या वारुळाजवळ एक घोरपड यायची, तिच्यावरून ते झालं.

"घोरपड गं घोरपड, वारुळाची राणी,
जीभ काढून विचारते, आलं का गं पाणी?"

पोरं हे गाताना जिभा बाहेर काढायची. मी वाजत होते घोरपडीच्या कातड्यानं, गाणं होतं घोरपडीचं, आणि कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पळसाला पानं तीनच, जाल तिथं माणसं अशीच.

मग हिवाळ्यात वडशाहून निरोप आला. एका नाटक मंडळीच्या मालकानं नीलिमाची गाणी ऐकली होती. त्याच्या नाटकाआधी संध्याकाळी तिनं मंडपात गावं, असं त्याचं म्हणणं होतं. नीलिमा निरोप वाचून वर्गाबाहेर गेली आणि उगाच हातपंप हापसून आली. मोबाइलवर माणसं नुसता आकडा होऊन येतात. तिला लहानपणापासून ती तोंडं समोर पाहायची होती. तिनं सुट्टी मागितली, साडी काढली आणि मला रोज वाजवू लागली. माझ्याशिवाय तिला सूर सापडत नसे, हे तिनंच इंदुताईला सांगितलं होतं. इंदुताई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते काही उगीच नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात धुकं पडलं. माझं तोंड गारठून ढिलं झालं. नीलिमानं चौथीतल्या दिव्यानीला सांगितलं, "हिला उन्हात ठेव." ऊन तर नव्हतंच. दिव्यानी हुशार पोरगी. बाई खंजेरी चुलीजवळ शेकतात हे तिनं पाहिलं होतं. तिनं मला नेऊन इंदुताईच्या चुलीशेजारी विटेला टेकवलं, अगदी निखाऱ्यांपाशी, म्हणजे लवकर गरम होईल. तेवढ्यात परिपाठाची घंटा झाली आणि ती पळाली. इंदुताई पाण्याला गेलेली. हातभर अंतर मी तुम्हाला सांगितलं होतं, दिव्यानीला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आधी बरं वाटलं. मग कातडं आवळत गेलं, आणि ताणून ताणून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फाटलं. दुखलं का, असं विचाराल तर वाद्याला दुखत नाही. पण मी एक थाप ऐकायची वाट पाहत होते आणि ती आता येणार नाही हे मला कळलं.

नीलिमा ओरडली नाही. तिनं मला उचललं, फाटलेल्या कडा जुळवून पाहिल्या आणि शाळेच्या मागं जाऊन बसली. तिथं ती रडली. दिव्यानीनं ते खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

आली ती बापाबरोबर. इसरू हा तिचा बाप. बोलायला कमी, पण कोणाच्या उपकाराचं ओझं अंगावर न ठेवणारा. त्याच्या खांद्यावर एक घोरपड होती, जिवंत. पाय पाठीवर वळवून सालीच्या दोरीनं बांधलेले. त्यानं तिला शाळेच्या ओट्यावर ठेवलं आणि दिव्यानीला पुढं ढकललं.

"बाई," तो बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "पोरीनं नासवलं, बापानं भरून देल्लं. चामडं तुमचं. मटन आमी खाऊ, तुमाले चालत असन तं तुमाले बी."

मित्रांनो, त्या वेळी मी ओट्यावरच पडले होते, घोरपडीपासून वीतभर अंतरावर. माझी दुसरी आई कशी दिसत होती ते मला पहिल्यांदा दिसलं. अंगावर मातीच्या रंगाची नक्षी, डोळा उघडा, जीभ बाहेर येऊन हवेत काहीतरी शोधत होती. आणि तिचा गळा. तो फुगायचा, बसायचा, फुगायचा, बसायचा. इतकी वर्षं तेच कातडं माझ्या अंगावर होतं, पण ते आतून कधी हललं नव्हतं. खरं सांगू? तरीही मला ती हवी होती. मला माझा आवाज परत हवा होता.

नीलिमालाही हवी होती. ती घोरपडीकडं पाहत होती आणि मला कळत होतं की ती कातड्याचं माप घेत आहे. मग तिला भान आलं. "इसरूदादा, घोरपड मारायला बंदी आहे," ती म्हणाली.

इसरूचा चेहरा उतरला. "बंदी आमाले सांगू नका बाई. रानात पाय टाकला का बंदीच असते. तुमची खंजेरी काऊन बंदीची नाई मंग?"

हे तिच्या वर्मी लागलं. इंटरनेटवरच्या माणसाला 'आजोबांची आहे' म्हणून टोलवता आलं होतं, समोर उभ्या असलेल्या बापाला काय सांगणार? परत करावी तर इसरूचा अपमान. त्यानं दिवसभर रान तुडवलं होतं. ठेवून घ्यावी तर वडशाचा मंडप, तीच थाप, तीच तोंडं. कोणी काही म्हणणार नव्हतं. रानाच्या इतक्या आत येऊन बघतो कोण?

तेवढ्यात पोरं ओट्याभोवती गोळा झाली. त्यांना काय, समोर घोरपड दिसली की त्यांनी आपलं गाणं सुरू केलं. "घोरपड गं घोरपड, वारुळाची राणी..." नीलिमाची बोटं सवयीनं माझ्यावर आली. तोंड फाटलेलं, म्हणून ती लाकडावरच पडू लागली. मग माझ्या लक्षात आलं की ती गाण्याचा ठेका धरत नाहीये. तिची नजर घोरपडीच्या गळ्यावर होती आणि बोटं त्या गळ्याबरोबर वरखाली होत होती. पोरांचं गाणं एका चालीत, बाईंची बोटं दुसऱ्याच. दिव्यानी एकटी गात नव्हती. ती म्हणाली, "बाई, हिचा श्वास लई जोरात चालून राह्यला."

नीलिमानं हात उचलला. पोरं गप्प झाली.

"इसरूदादा," ती म्हणाली, "मले हे चामडं पाह्यजे. खोटं नाई बोलत. पण आधी एक सांगा. ही घोरपड तुम्ही मले देल्ली ना?"

"देल्ली."

"म्हणजे माही झाली?"

"तुमचीच झाली."

"परत नाई मागणार?"

"देल्लेलं कोनी मागते का बाई?"

"मग तुमचं फिटलं. दिव्यानीचंही फिटलं. आता माह्या घोरपडीचं काय करायचं ते मी पाह्यतो. दोरी सोडा तिची."

इसरूनं एकदा घोरपडीकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग हसला. आमच्या गावात इसरूला हसताना पाहणं म्हणजे मोठी गोष्ट. "बाई लई पोहोचलेली हाय," तो पोरीला म्हणाला. गाठी त्यानंच सोडल्या, कारण घोरपड नखं लागू न देता कशी सोडायची हे त्यालाच येत होतं. वारुळाजवळ त्यानं तिला खाली ठेवलं. ती जरा थांबली, जीभ काढली आणि गवतात शिरली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील?

"मंग वडशाले काय वाजवान?" इसरूनं विचारलं.

"चाचा हायेत ना," नीलिमा म्हणाली, पण तिचा आवाज खोल गेला होता.

मूलला एसटीतून उतरून ती थेट गिरणीमागच्या दुकानात गेली. चाचा आता म्हातारे झाले आहेत, दृष्टी अधू झाली आहे. त्यांनी मला डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखलं. कड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, ही तं माही पोरगी! कोनी जाळली हिले?" नीलिमानं सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून मान हलवली. "बरं केलं बेटी. ते काम मी कवाचंच बंद केलं."

दुकान आता त्यांची सून जरीना सांभाळते. तिनं फळ्या धुंडाळल्या. या मापाचं फायबरचं तोंड नव्हतं. बकरीचं कातडं मढवावं तर वाळायला वेळ नव्हता, कार्यक्रम उद्यावर आलेला. नीलिमा स्टुलावर बसून राहिली. तेव्हा चाचा उठले आणि कपाटामागून एक मोठं काळं पाकीट काढून घेऊन आले. आत एक्स-रे होता.

"दमा झाला तवाचा हाय. डॉक्टरनं पाह्यला, काम झालं."

"अब्बा!" जरीना ओरडली. "पुढच्या बारीला डॉक्टरले का दाखवान?"

"सांगजो, वडशाले गानं म्हनाले गेली छाती."

चाचांनी माझं फाटकं कातडं सोडवून नीलिमाच्या हातात दिलं, तिनं ते रुमालात बांधलं. मग एक्स-रे गोल कापून, ताणून, बारीक चुका मारून त्यांनी तो माझ्यावर बसवला. थाप मारली. मी ऐकलं आणि मला लाज वाटली. टणक, कोरडा आवाज, पत्र्यावर चणे सांडल्यासारखा. चाचांनाही तो आवडला नाही. त्यांच्या भुवया वर गेल्या.

वडशाच्या मंडपात दिवे लागले होते. समोर माणसंच माणसं. नीलिमानं पहिली थाप मारली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, खंजेरी हाय का डबा?" मंडप हसला. तिनं मला उचलून दिव्यासमोर धरलं. माझ्या आरपार चाचांच्या बरगड्या दिसू लागल्या, पुढच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली.

"डबाच समजा भाऊ," ती म्हणाली. "आधी हिच्यावर घोरपडीचं कातडं होतं. ती घोरपड आता गवतात हाय. ह्या बरगड्या मूलच्या जलालुद्दीनचाचांच्या. त्यांनी जित्तेपनी देल्ल्या."

मंडप पुन्हा हसला, पण या वेळी निराळं हसला. आणि ती गाऊ लागली. सगळे भारावून गेले वगैरे मी सांगणार नाही. काही जण भुईमुगाच्या शेंगा आणायला गेले. पुढच्या रांगेतल्या पोरांनी मात्र जिभा काढून गाणं उचललं आणि त्यांच्या मागची बायामाणसं टाळ्यांनी साथ देऊ लागली. नीलिमानं त्यांची तोंडं पाहिली, एकेक. तिला तेच पाहायचं होतं. मालक म्हणाला, "बरं झालं, पुढच्या वर्षी पाहू." सोमवारी ती शाळेत होती.

परत आल्यावर तिनं पोरांना सोबत घेऊन रुमालातलं कातडं वारुळाशेजारी पुरलं. इसरूनं खड्डा खणला. कोणी भाषण केलं नाही, दिव्यानीनं वर एक दगड ठेवला, बस्स. नंतर इंटरनेटवर एकानं लिहिलं, "जुना आवाज बरा होता." खरं आहे. जुना आवाज बराच होता आणि मला त्याची आठवण येते. पण नीलिमानं माझ्या या कोरड्या आवाजासाठी नवी गाणी बांधली आहेत, आणि काडेपेट्या पुन्हा निघू लागल्या आहेत.

त्या दगडावर हिवाळ्यात सकाळी ऊन येतं. घोरपड तिथं येऊन पसरते. तीच आहे की दुसरी, कोण जाणे. परवा पहिलीतलं एक नवं पोरगं मला उन्हात शेकायला घेऊन आलं आणि तिला हुसकायला त्यानं काठी उचलली. दिव्यानीनं त्याचा हात धरला.

मित्रांनो, वाद्यं शेवटी विनवतात की आम्हाला जपा, पुसून ठेवा, ऊन दाखवा. मलाही जपा, मी नको म्हणत नाही. पण एक्स-रेला शेकावं लागत नाही. मला घेऊन उन्हात याल आणि त्या दगडावर ती पसरलेली दिसेल, तर मला सावलीतच ठेवा. माझ्यासाठी माझ्या आईला एकदा उन्हातून उचललं होतं, तेवढं पुरे.